गाडी कोण चालवत होतं?

अप-डाउन करणाऱ्या माणसाजवळ दोनच गोष्टी साचतात: पाठदुखी आणि किस्से. पाठीला गरम पिशवीनं शेकता येतं. किस्से मात्र कोणालातरी सांगितल्याशिवाय अंगातून उतरत नाहीत. परवा बहिणीकडे जेवताना मी एक सांगायला लागले आणि भाताला पाणी सुटेपर्यंत बोलतच राहिले. ती म्हणाली, "कुंदा, तू कॉलेजात नोकरी करतेस की गाडीत?"

खरं सांगायचं तर गाडीतच. अमरावतीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, पण वाचनालयात कोणी बोलत नाही. बोलणं सगळं अकोला ते अमरावती रस्त्यावर.

गाडी सलीमभाईंची. सात सीटची, मालक तेच, ड्रायव्हर तेच. अकोल्याहून आम्ही तिघं बसतो. मला गाडी लागते म्हणून मी पुढं, सलीमभाईंच्या बाजूला. मधल्या सीटवर एका खिडकीला गावंडे सर, दुसऱ्या खिडकीला इंगळे मॅडम. सर ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतात, मॅडम बँकेत ऑफिसर आहेत. मूर्तिजापूरला तायडे वकील चढतात आणि त्या दोघांच्या मध्ये बसतात. ही जागा त्यांनी मागितलेली नाही. त्यांना तिथं बसवलेलं आहे, आणि कशासाठी ते पुढं कळेलच.

*

तात्यासाहेब आमच्या भागाचे आमदार. पूर्ण नाव घेत नाही. गाडीत आम्ही तरी कुठं घेत होतो? तात्या म्हटलं की सगळ्यांना समजायचं.

प्रकरण असं होतं. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मूर्तिजापुरात शिरतानाच्या वळणावर तात्यांच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं. वाकोडे नावाचा माणूस, सुतारकाम करायचा. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. तात्यांचा ड्रायव्हर देवराव पोलिसात गेला आणि म्हणाला, गाडी मी चालवत होतो. गुन्हा त्याच्या नावावर लागला. पुढं केव्हातरी त्याच देवरावनं कोर्टात उभं राहून सांगितलं, "गाडी तात्यासाहेब चालवत होते. मले नाव घ्याले लावलं." रस्त्यावरच्या दोघांनी तेच सांगितलं. पुन्हा तपास झाला, तात्या आरोपी झाले, खटला चालला.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही परतत होतो. बडनेऱ्याच्या पुढं वकिलांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला.

"दोषी," ते म्हणाले. "तीन वर्षं."

 मग गावंडे सर म्हणाले, "हे राजकारण आहे."

इंगळे मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "हो का? मग त्या दिवशी गाडी राजकारण चालवत होतं का?"

तेव्हापासून सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे.

*

दुसऱ्याच दिवशी सकाळी गावंडे सर पेढे घेऊन आले. खोका उघडूनच गाडीत चढले.

"घ्या! तात्या सुटले!"

सलीमभाईंनी एक घेतला, मी घेतला. इंगळे मॅडमनी दोन मिनिटं विचार केला आणि घेतला. "पेढ्याचा काय दोष," म्हणाल्या.

मूर्तिजापूरला वकील चढले. सरांनी खोका पुढं केला. वकिलांनी पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, "कशाचे?"

"तात्या सुटले ना! जामीन झाला. शिक्षेवर स्थगिती!"

तायडे वकील फार सावकाश बोलतात. आधी पेढा संपवला, रुमालानं बोटं पुसली. "सर, शिक्षा थांबली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तात्या जेलात जाणार नाहीत. पण दोषी आहेत हे थांबलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमदारकी गेली. दोन वर्षं किंवा वरची शिक्षा झाली की जाते. शिक्षेवर स्थगिती येगळी, दोषावरची स्थगिती येगळी. ते दुसरी त्यायले भेटली नाही."

सरांनी पेढ्यांकडे पाहिलं. खोका मांडीवर, झाकण हातात. गाडी मूर्तिजापूर सोडून पुढं आली होती, नाहीतर उतरूनच गेले असते. मग एकदम वळून म्हणाले,

"मंग पेढे वापस करा!"

*

यानंतर गाडीत रोज बोरगाव मंजू यायच्या आधीच भांडण पेटायचं. मी पुढं बसून दोघांचे बाण पाठीवर झेलायची. एक दिवस सलीमभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळले.

"सर, मॅडम, मेरी एक अर्ज है. मूर्तिजापूरपर्यंत तात्या बंद. वकीलसाब चढले, तुमच्या मधात बसले, का मंग चालू करा. तोपर्यंत मले गाडी चालवू द्या."

दोघांनी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी गाडीत इतकी शांतता की टायरचा आवाज ऐकू येत होता. मलाच राहवलं नाही. म्हटलं, "सर, आजचा पेपर वाचला का? तुमच्या तात्यांचं..."

गावंडे सरांनी हात वर केला.

"कुंदाताई, माहा वकील आल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही!"

आणि इंगळे मॅडम, ज्या सरांच्या कुठल्याच वाक्याला हसत नसत, त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाण्याची बाटली सरांनीच दिली.

*

एक गोष्ट इंगळे मॅडमची सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल.

मॅडम दुसऱ्या पक्षाच्या. पक्षाचं काम वगैरे करत नाहीत, बँकेत ते चालत नाही, पण घरात आजोबांपासून तोच पक्ष. आता झालं काय, त्यांच्या पक्षाचे एक पुढारी, तेही आपल्याच भागातले, एका जमिनीच्या फसवणुकीत अडकले. आरोपपत्र दाखल झालं. सकाळी पेपरात पहिल्या पानावर.

त्या दिवशी गावंडे सर गाडीत बसले तेच नव्या नवरदेवासारखे. पांढरा शर्ट, केसांना तेल. मूर्तिजापूरपर्यंत नियम पाळला. वकिलांनी दार लावलं, तसे सुरू झाले.

"कायदा सगळ्यायले सारखा! कितीही मोठा माणूस असो!"

"सर, नुसतं आरोपपत्र आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि हे बघा, निवडणूक तोंडावर आली की अशा केसेस उकरून काढतातच. हे सगळं राजकारण..."

बोलता बोलता त्या थांबल्या. गाडीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

सलीमभाईंनी आरशातून मागं पाहिलं. "मॅडम, सर, तुम्ही फक्त खिडक्या बदला. बाकी डायलॉग सेट हायेत!"

 बडनेरा आलं तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "असेल त्यांनी केलं, तर त्यांनाही व्हावी शिक्षा." मग थोड्या वेळानं, "पण आधी सिद्ध होऊ द्या."

"तेच तं मी म्हणून राहिलो होतो," सर म्हणाले.

"तुमचं सिद्ध झालंय, सर," तायडे वकील डोळे मिटूनच म्हणाले.

*

तात्यांच्या समर्थनार्थ रस्ता रोको झाला तो दिवस मी कधी विसरणार नाही. कुरणखेडच्या अलीकडे ट्रकांची रांग; तिच्या कडेकडेनं सलीमभाईंनी गाडी पार पुढं नेली. पुढं पोरं रस्त्यावर सतरंज्या टाकून बसलेली, तात्यांचा फोटो, घोषणा. इंगळे मॅडम कासावीस झाल्या. त्या दिवशी कॅशच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. त्या पोचल्याशिवाय बँकेचा व्यवहारच सुरू होणार नव्हता.

"काळजी करू नका," गावंडे सर म्हणाले. "आपलेच पोट्टे हायेत. मी आत्ता गाडी काढून देतो."

ऐटीत उतरले. शर्ट नीट केला. आम्ही काच खाली करून ऐकत होतो.

"जय हो! मी गावंडे. तात्यांचा पयल्या निवडणुकीपासूनचा माणूस. गाडी जाऊ द्या."

एका पोरानं वर पाहिलं. "तुमी तात्याचे माणूस?"

"शंभर टक्के!"

"मंग काका, उभे कावून? बसा ना!" आणि त्यानं सरांचा हात धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. दुसऱ्यानं त्यांच्या गळ्यात पट्टा घातला, तिसऱ्यानं हातात फलक दिला.

तेवढ्यात इंगळे मॅडम उतरल्या. सरळ त्या पोरापुढं जाऊन म्हणाल्या, "मी तुझ्या तात्याची माणूस नाही. त्याला शिक्षा झाली ते बरंच झालं असं माझं मत आहे. पण आज माझी बँक उघडली नाही तर तुझ्या आजीची पेन्शन अडकेल. गाडी सोड."

पोरगं गडबडलं. त्याची आजी खरंच पेन्शनवाली असावी. त्यानं सतरंजी बाजूला ओढली आणि आमची गाडी निघाली.

सर उठायला लागले तर पोरांनी खांदे दाबून पुन्हा बसवलं. सलीमभाईंनी काच खाली करून मोठ्यानं सांगितलं, "सर, आप आराम से बैठो! संध्याकाळी घेतो तुमाले!"

मागं वळून पाहिलं तर गावंडे सर उन्हात फलक धरून बसले होते. फलकावर लिहिलं होतं, 'आम्ही हलणार नाही.'

*

पुढं सलीमभाईंची कंबर गेली. डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली. सोमवारी सकाळी गाडी आली ती दुसऱ्याच माणसाच्या हाती. पन्नाशीचा, बारीक, खाकी शर्ट. सलीमभाई स्वतः काठी टेकत सोडायला आले होते.

"हे देवराव. हात साफ हाये याचा. मी याच्यासोबत खूप गाड्या चालवल्या."

मी नाव ऐकलं, पण डोक्यात काही आलं नाही. गावंडे सरांच्या आलं. दाराच्या मुठीवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"कोणता देवराव? तात्यांचा?"

"होतो," तो माणूस म्हणाला.

सर आवाज न चढवता म्हणाले, "सलीमभाई, फितूर माणसाच्या गाडीत मी बसणार नाही." आणि चालायला लागले. चौकात सवाऱ्या भरणारी एक काळीपिवळी जीप उभी होती, तिच्यात जाऊन कोंबून बसले.

मूर्तिजापूरला ही गोष्ट वकिलांना सांगितली, तर ते खूप वेळ विचार करून म्हणाले, "पोलिसाजवळ एक सांगून कोर्टात दुसरं सांगतो त्याले फितूर म्हणतात. कायद्यानं पायलं तं सर बरोबर बोलले." मग देवरावच्या पाठीकडे बघून, "पण बहुतेक फितूर खऱ्याकडून खोट्याकडे जातात. हा उलटा गेला."

इंगळे मॅडमचा आनंद तर विचारूच नका. घरून त्यांनी देवरावसाठी डबा आणला. "देवरावभाऊ, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून देश चाललाय! एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध उभं राहायचं म्हणजे काय धाडस!"

देवराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मॅडम, पयले मी खोटंच बोललो होतो. त्याचं कोणी नाव घेत नाही."

मॅडमचा डबा मांडीवरच राहिला.

*

बँकेचा संप होता त्या दिवशी मूर्तिजापूरपर्यंत गाडीत मी एकटीच होते. सर काळीपिवळीनं जायचे. धुकं होतं, देवराव हळू चालवत होता. मी विचारणार नव्हते. पण तोंडातून गेलंच.

"देवरावभाऊ, मग कावून बदलले तुम्ही?"

त्यानं गाडी डावीकडं घेतली. एक ट्रक पुढं जाऊ दिला.

"तात्यासाहेबाले चालवायची लय हौस. गाव आलं का म्हणत, सरक, मी घेतो. लोकायले दिसलं पाह्यजे, आमदार सोता गाडी चालवते. त्या दिवशी बी तसंच. वळणावर तो सायकलवाला. धाडकन आवाज झाला. मी उतरलो, त्याले मांडीवर घेतलं. मागून त्यायच्याच मानसाची गाडी येत होती. तात्यासाहेब तिच्यात बसून निघून गेले. मले फोनवर सांगतलं, तू आहेस ना तिथं, पाहून घे. तुह्या घरचं आमी पाहू."

"मग?"

"मंग मी नाव घेतलं. कोर्टाच्या तारखा लागल्या. त्या सायकलवाल्याची बायको दर तारखेले ये. एका कोपऱ्यात बसे. मी खाली पाहून बसो. एक दिवस थेच उठून माह्याजवळ आली. मले वाटलं आता चप्पल काढते. मी मान खाली घातली. तं मले म्हणते, 'भाऊ, शेवटी ते काही बोलले का?'"

देवरावनं काच थोडी खाली केली.

"मीच मारणारा, असं तिले मालूम. तरी मलेच विचारून राहिली. कारण शेवटच्या टायमाले त्याच्याजवळ मीच होतो ना. दुसऱ्या कोणाले विचारन?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"जे होतं ते. तो म्हणला होता, 'सायकल रस्त्यातून बाजूले घ्या, कोणाले लागन.' तेवढंच." त्यानं काच वर घेतली. "हे सांगतलं, आन् मंग बाकीचं कसं ठेवता येते पोटात, ताई?"

मूर्तिजापूर आलं. वकील चढले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं 'काय विशेष?' असं विचारलं नाही.

*

गावंडे सर परत कसे आले, तेही ऐका.

बोरगावच्या पुढं एक काळीपिवळी बंद पडलेली दिसली. माणसं उतरून धक्का मारत होती. त्यात एक पांढरा शर्ट ओळखीचा. आमच्यापैकी कोणीच 'थांबव' म्हटलं नाही. मला वाटलं सरांना अपमान वाटेल, मॅडमना वाटलं वाटू दे.

देवरावनं आपण होऊन गाडी थांबवली. उतरला, गेला आणि सरांच्या बाजूला उभा राहून धक्का मारायला लागला. सरांनी मान वळवून पाहिलं, पण धक्का मारता मारता भांडता येत नाही. दोघं खांद्याला खांदा लावून लोटत होते. गाडी खोकलली, धूर सोडला आणि सुरू झाली. बाकीची माणसं धावत जाऊन लटकली. ड्रायव्हरला आता थांबायची भीती, थांबली तर पुन्हा बंद पडेल. गेली ती गेलीच! सर धापा टाकत रस्त्याच्या मधोमध, धुरात.

देवराव आपल्या गाडीपाशी आला, सरांसाठी मागचं दार उघडून ठेवलं आणि आपल्या सीटवर जाऊन बसला. 

सर आले. बसले. घाम पुसला. पुढच्या रस्त्याकडे पाहिलं.

"काळीपिवळी बी फितूर झाली!" म्हणाले.

त्या दिवसापासून सर गाडीत आहेत. देवरावशी बोलत मात्र नसत. काही सांगायचं तर मला सांगायचे, "कुंदाताई, त्यायले म्हणा एसी कमी करा." मी सांगायच्या आधीच देवराव एसी कमी करायचा.

*

आता हा शेवटचा, गेल्या महिन्यातला.

तात्यांचं अपील अजून चालू आहे. आमदारकी गेली ती गेलीच, त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं. तात्या अधूनमधून लग्नांत, उद्घाटनांत दिसतात.

सकाळची वेळ. आम्ही बोरगाव मागं टाकलं होतं. रस्त्याच्या कडेला एक मोठी पांढरी गाडी, बॉनेट उघडं, ड्रायव्हर आत वाकलेला. बाजूला सावलीला एक उंच माणूस फोन कानाला लावून उभा.

"थांबव! थांबव!" गावंडे सर ओरडले. "तात्या हायेत!" देवरावशी थेट बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

देवरावनं गाडी हळूहळू कडेला घेतली.  मागं इंगळे मॅडम पदर सावरत होत्या. गेल्या वर्षभरात त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं, तो माणूस एकदा समोर येऊ दे, काय सुनावते बघ.

तात्या आले. घाईत होते. अमरावतीला वकिलाकडे पोचायचं होतं, फोनवर तेच बोलत होते. ते डावीकडं आलेच नाहीत. सरळ देवरावच्या बाजूला गेले, दार उघडलं. आत कोण आहे हे पाहिलं, पण थांबले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. फोन कानालाच होता.

"देवराव, सरक. मी घेतो."

मागं गावंडे सरांचा श्वास मला ऐकू आला.

देवरावनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "साहेब, मागं जागा हाये," तो म्हणाला.

तात्यांनी फोन खाली केला. आता त्यांच्या लक्षात आलं असावं, कोणाशी बोलतोय आणि काय बोललोय. थोडा वेळ ते दार धरून उभे राहिले. रस्त्यानं ट्रक जात होते. मग त्यांनी दार हळूच लावलं, मागून फिरून आले आणि मधल्या सीटवर बसले. वकिलांच्या जागेवर, सर आणि मॅडमच्या मध्ये.

गाडी निघाली.  मग तात्यांनीच विचारलं, "आपण कुठले?"

गावंडे सरांना वाटलं, आपल्यालाच. ते बोलायला लागले, पण सुरुवात कुठून करावी तेच त्यांना सुचेना. पहिली निवडणूक, सतरंजी, फलक. तात्या हसून मान हलवत होते, अनोळखी माणसाकडे बघून हलवतात तशी.

"मी शिक्षक आहे," सर शेवटी म्हणाले.

"छान, छान," तात्या म्हणाले. मग मॅडमकडे वळले. "आन् ताई तुमी?"

इंगळे मॅडमनी एक वर्ष साठवलेलं सगळं ओठावर आणलं. मी आरशात बघत होते. तात्यांचे डोळे सुजलेले होते, दाढी वाढलेली. मॅडमनी बाटली पुढं केली.

"पाणी घ्या," म्हणाल्या.

ते पाणी प्यायले. काटेपूर्णेचा पूल गेला. वकिलांना घ्यायला गाडी महामार्ग सोडून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली. पुढं ते वळण. वाकोडे तिथंच पडला होता, हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत. सर खिडकीबाहेर बघायला लागले, मॅडमनी डोळे खाली घेतले. देवरावनं वेग कमी केला, आणखी कमी केला. गाडी एका उंचवट्यावर हळूच चढून उतरली. मागं सगळे थोडे उसळले.

तात्यांनी समोरची सीट धरली. वाकून काचेतून मागं गेलेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"इथं ब्रेकर कवा झाला?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे.  

देवरावनं गिअर बदलला.

"तुमच्यानंतर, साहेब."